भिंतीला हात लावता येणार नाही

कॉन्ट्रॅक्टरनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली, जरा सरकून परत वाजवली, मग हातोडीनं हलकेच एक ठोका दिला. आवाज कुठंच बदलला नाही, सगळीकडं तोच भरीव, कोरडा. "ताई, ही मिवानची आहे, हिला हात लावता येणार नाही," असं म्हणून त्यानं टेप गुंडाळून खिशात टाकली. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मिवान म्हणजे काय ते तिला माहीत नव्हतं, तिनं एवढंच विचारलं, "अहो, पण घर आमचंच आहे ना?" त्यावर त्याच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडंही नव्हतं, आणि तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातनं जात नाहीये.

तिचं मागणं तसं काहीच नव्हतं. काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून ते चाकाच्या खुर्चीवर आहेत, आणि बेडरूममधल्या बाथरूमचं दार इतकं अरुंद की खुर्ची चौकटीत अडकते, वर दारासमोरच पॅसेजचा काटकोनी वळसा, त्यामुळं खुर्ची सरळ आतच घेता येत नाही. म्हणून ते दार सहा इंच रुंद करायचं होतं, आणि हॉल आणि लहान बेडरूमच्या मधली भिंत काढायची होती, म्हणजे काकांचा पलंग अशा ठिकाणी येईल की पडल्या पडल्या त्यांना बाल्कनीतलं आकाश दिसेल, टीव्ही दिसेल, घरात कोण आलं कोण गेलं ते कळेल. आता ते दिवसभर बेडरूमच्या पंख्याकडं बघत पडलेले असतात. माणूस आयुष्यभर पीएमटीत कंडक्टर होता हो, रोज शेकडो माणसं बघितलेला.

ज्यांनी नवीन फ्लॅट घेतलाय त्यांना मिवान माहीत असेलच. अॅल्युमिनियमच्या पाट्या जोडून साचा उभा करतात, आत सळई बांधतात, लाइटचे पाइप टाकतात, आणि भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटनं भरतात. विटा नाहीत, प्लास्टर नाही, सात-आठ दिवसांत मजला उभा. माझी एक मैत्रीण स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ती म्हणते भूकंपाच्या दृष्टीनं ही पद्धत चांगलीच आहे, गळती कमी, काम सरळ, आणि ज्या शहरात लाखो लोकांना घर पाहिजे तिथं वेग लागणारच. तिचं म्हणणं मला पटतं. पण या पद्धतीत हॉल आणि बेडरूमच्या मधली चार-सहा इंची भिंतसुद्धा वरचा भार पेलत असते. जुन्या आरसीसी इमारतीत भार कॉलम-बीमवर असायचा आणि मधल्या विटांच्या भिंती नुसत्या आडोशाला, म्हणजे एक पाडून दुसरीकडं उभी केली तरी वरच्या मजल्याला काही व्हायचं नाही. आता ऑफिसात बसून कुणीतरी जो प्लॅन आखला, मास्टर बेड, कॉमन बेड, लिव्हिंग, किचन, ड्राय बाल्कनी, तो पुढच्या पन्नास-साठ वर्षांसाठी सळईसकट गोठवून टाकलेला असतो. आणि तो प्लॅन ज्यांच्यासाठी काढला ती ब्रोशरवरची माणसं, नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी, ती कधी म्हातारी होत नाहीत. त्यांच्यात कुणी पडत नाही, कुणाचा घटस्फोट होत नाही, गावाकडनं आई कायमची राहायला येत नाही.

खऱ्या घरात दर सात-आठ वर्षांनी सगळं बदलतं.

मावशीकडंच बघा. घर घेतलं तेव्हा मावसभाऊ कॉलेजात होता, लहान बेडरूम त्याची. तो बंगळूरला गेला, खोली रिकामी, तिथं इस्त्रीचं टेबल आणि गव्हाचे डबे. मग 2020 साली तो बायकोला घेऊन परत आला, दोघांचं घरून काम, एक कॉल हॉलमध्ये आणि एक बेडरूममध्ये, काकांना चहा पाहिजे असेल तर खुणेनं सांगायचं. ते दोघं परत गेले. आता काकांना सांभाळायला ठेवलेला मुलगा हॉलमध्ये झोपतो, आणि मावशीला रात्री पाणी प्यायला उठायचं तरी संकोच वाटतो. म्हणजे एकाच घराला एवढ्या वर्षांत तीन-चार वेगवेगळी घरं व्हावं लागलं आणि त्याला एकदाही नीट होता आलं नाही. शेवटी बाथरूमचं दारच काढून तिथं पडदा लावला, तेवढे दोन इंच मिळाले. पलंग हॉलमध्ये आणला, सोफा विकला. पडद्याआड अंघोळ घालून घेताना काका तोंड भिंतीकडं वळवतात. ते मला बघवत नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले, त्यामुळं मला हे जास्त लागतं असेल. आमच्या दोन खोल्या, आतली नि बाहेरची, कोपऱ्यात मोरी, वर पोटमाळा. बाहेरची खोली सकाळी सहाला झोपायची असायची, सातला गाद्यांची चवड कोपऱ्यात गेली की बाबांच्या दाढीची, मग आमच्या अभ्यासाची, दुपारी आईच्या शिलाई मशीनची, संध्याकाळी शेजारच्या मुलांच्या शिकवणीची, आणि भाद्रपदात दीड दिवस गणपतीची. मोठ्या काकाचं लग्न ठरलं तेव्हा सुतार आला, दुपारभर करवतीचा आवाज आणि ओल्या फळ्यांचा वास, दिवेलागणीला पार्टिशन उभं. काकाला पुढं क्वार्टर मिळाली तेव्हा त्याच फळ्या काढून त्याचं कपाट झालं. आजी अंथरुणाला खिळली तर तिची खाट गॅलरीच्या दाराशी सरकवली, कुणाला परवानगी विचारावी लागली नाही. जाता-येता प्रत्येक माणूस "काय आजी, जेवलीस का" विचारून जायचा, कुणी सुकटाची चटणी आणून चाखवायचं, कुणी नातवंड मांडीवर ठेवून नळावर जायचं. ती तिथंच गेली, गॅलरीतनं शाळेची पोरं पळत असताना.

पण कुणी मला विचारलं, परत जाशील का चाळीत, तर नाही. गॅलरीच्या टोकाचा संडास आणि सकाळची ती रांग मी विसरलेले नाही. पार्टिशनपलीकडं नवी काकी आणि अलीकडं आम्ही पाच जण, ती बिचारी बांगड्यासुद्धा हळू वाजवायची. मासिक पाळीत कुठं बसायचं, कपडे कुठं वाळत घालायचे, ते सगळ्या मजल्याला माहीत. शिवाय एक गोष्ट मला पार उशिरा, स्वतःचा संसार सुरू झाल्यावर लक्षात आली. ती खोली दिवसातनं सहा वेळा बदलायची ती आपोआप बदलायची नाही. गाद्या आई उचलायची, मशीन आई ढकलायची, ताटं मांडून झाल्यावर परत जमीन पुसून गाद्या आईच घालायची. त्या घराची सगळी लवचीकता आईच्या कमरेतनं यायची. पन्नाशीत तिची कंबर गेलीच. म्हणून चाळीचं नुसतं कौतुक करणारं काही वाचलं की मला पुढं वाचवत नाही. मला घर असं पाहिजे की जे बदलेल, पण कुणा एकीच्या अंगावर पडून बदलणार नाही, आणि ते बदलता येण्याची सोय बांधणाऱ्यानं आधीच करून ठेवलेली असेल.

आणि ते अशक्य नाहीये, आपल्याकडंच झालेलं आहे. मुंबईत चारकोपला माझी शाळेतली मैत्रीण राहते. 1985 नंतर वर्ल्ड बँकेच्या मदतीनं म्हाडानं तिथं प्लॉट पाडून दिले, काही तर अवघे 25 चौरस मीटरचे, पस्तीस-पस्तीस घरांची एक सोसायटी आणि त्या पस्तीस घरांच्या मधोमध एक चौक. घर ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीनं बांधायचं. तिच्या बाबांनी आधी पत्रा टाकला, मग स्लॅब, मग भावाच्या लग्नात वरचा मजला, आता खाली तिची वहिनी ब्लाउज शिवते आणि वर भाडेकरू. शेजारच्या घराची कहाणी वेगळी, त्याच्या पलीकडच्याची आणखी वेगळी, पण सगळ्यांची दारं त्याच चौकात उघडतात. तिथं तुळशीचं लग्न लागतं, साड्या वाळतात, पोरांचं क्रिकेट चालतं. आता चौकाची निम्मी जागा मोटरसायकलींनी खाल्लीय, आणि काही चौकांना गेट लागलंय, हेही खरं. तरीसुद्धा दुपारी चारला तिथं जाऊन बसलं तर कळतं, की ही जागा कुणी वेगळी वापरायला जात नाही, ती येता-जाता वापरलीच जाते. जवळपास त्याच काळात नवी मुंबईत बेलापूरला सिडकोसाठी आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी सात-सात घरांचे पुंजके केले, मध्ये साधारण आठ मीटर लांबी-रुंदीचं अंगण, आणि कुठल्याही दोन घरांची भिंत एकमेकांना लागलेली नाही, म्हणजे वाढवायचं झालं तर शेजाऱ्याची संमती मागायला नको. मूळची घरं आता ओळखू येत नाहीत इतकी बदललीत. काही आर्किटेक्ट लोक त्याबद्दल हळहळतात. मला वाटतं ती बदलली म्हणूनच कोरियांचं बरोबर होतं.

हे झालं बैठ्या घरांचं, फ्लॅटचं काय, असं कुणीही म्हणेल. त्यालाही उत्तर आहे. पुण्यात जन्मलेल्या आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी सत्तरच्या दशकात अहमदाबादला एलआयसीसाठी वसाहत बांधली, तिला बिमानगर म्हणतात. तिथं तीन मजले आहेत, खाली सगळ्यात मोठं घर, त्याच्यावर लहान, सगळ्यात वर अजून लहान, आणि वरचं घर जेवढं आत सरकलं तेवढी त्याला गच्ची मिळाली. लोकांनी त्या गच्च्यांवर खोल्या चढवल्या, कुठं बाग केली, आणि दोशींना ते हवंच होतं, एका जिन्यावर एकाच कुटुंबाच्या पिढ्या राहतील, वाढतील, हा विचार करूनच त्यांनी ते आखलं होतं. आणि तिकडं हॉलंडमध्ये जॉन हाब्राकन नावाच्या आर्किटेक्टनं 1961 सालीच मांडलं, की इमारतीचे दोन भाग वेगळे समजा, एक सांगाडा, तो सगळ्यांचा आणि शंभर वर्षं टिकणारा, आणि दुसरा आतला संसार, तो ज्याचा त्यानं ठरवायचा आणि हवा तेव्हा मोडायचा. जपानात ओसाकाला 1993 मध्ये गॅस कंपनीनं या विचारावर अठरा घरांची एक इमारतच बांधली, नेक्स्ट 21, आणि पुढं त्यातली काही घरं मोडून वेगळी करूनही बघितली.

हे सगळं वाचून मी इंजिनिअर मैत्रिणीला विचारलं, आपल्या साध्या सात मजली बिल्डिंगमध्ये हे करायचं तर काय लागेल, महागात जाईल का. ती वहीवर काढत काढत सांगत गेली. जड भिंती आणि कॉलम दोन फ्लॅटच्या मधे, बाहेरच्या कडेला आणि लिफ्ट-जिन्याभोवती ठेवायचे, घराच्या पोटात नाही. संडास, बाथरूम, ओटा हे सगळं एका डक्टला, म्हणजे पाइपांच्या उभ्या पोकळीला, चिकटून एका ओळीत, कारण खालच्याच्या डोक्यावर संडास सरकवता येत नाही, बाकी सगळं सरकवता येतं. बीम खोलीच्या मधून नको, नाहीतर भिंत काढली तरी बीम लोंबत राहतो. खिडक्या अशा अंतरावर की उद्या खोलीचे दोन भाग केले तर दोन्हीकडं उजेड येईल. आणि आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या. मी म्हणलं, आणि मिवान असेल तर? तर म्हणाली, तरी करता येतं, जिथं पुढं दार लागेल असं वाटतं तिथं काँक्रीट भरतानाच मोकळी जागा सोडायची, वरनं सळई नीट घ्यायची, आणि ती जागा ब्लॉकनं बुजवायची. पाहिजे तेव्हा दोन माणसं येऊन अर्ध्या दिवसात उघडतील. "ऐनवेळी कापलं तर इमारतीला धोका, आधी ठरवलं तर नुसती एक रेघ." मला मावशीचं बाथरूमचं दार आठवलं. एक रेघ, आणि ती कुणी ओढली नाही.

लोकांना तर हे पाहिजेच आहे, ते आपल्या परीनं करतातच की. कुठल्याही नवीन सोसायटीत ताबा मिळाल्यावर पहिले सहा महिने जाऊन बघा, गेटशी राडारोड्याचा ढीग असतो आणि त्यात कोऱ्या करकरीत टाइल्स, न वापरलेलं सिंक, ओट्याचा ग्रॅनाइट. बाल्कनी स्लायडिंग लावून आत घेतलेली असते, ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशीनबरोबर देवघर असतं. जोडून दोन फ्लॅट घेऊन मधली भिंत काढायची सोय असेल तर त्याला जास्त पैसे मोजणारे लोक आहेत. म्हणजे ज्याच्याकडं पैसा आहे त्याला बदलाची मुभा विकत मिळते, आणि ज्यानं कर्ज काढून जेमतेम टू बीएचके घेतलाय त्याला बांधलंय तसं राहावं लागतं.

आता मोकळ्या जागेचं. मावशीच्या बिल्डिंगला पोडियम गार्डन आहे, तीन मजले पार्किंग आणि त्याच्या वर लॉन. झाडं कुंडीत लावावीत तशी, कारण खाली स्लॅब आहे, मुळं जाणार कुठं. लॉनवर चालायचं नाही, बॉल न्यायचा नाही, रात्री नऊनंतर बसायचं नाही, वॉचमनची शिट्टी. 2013 च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं मुंबईतल्या एका केसमध्ये सांगितलं होतं, की नियमानं सोडायची खेळायची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवरची त्यात धरता येणार नाही. तो निकाल मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण चौदाव्या मजल्यावरचा म्हातारा माणूस मुद्दाम लिफ्ट बदलून चौथ्या मजल्यावरच्या बागेत जात नाही. तो खाली गेटशी जातो. तिथं सगळ्या सोसायट्यांमध्ये हेच दिसतं, वॉचमनच्या केबिनला लागून चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि सगळे पेन्शनर तिथं, उन्हात, कारण तिथं रिक्षा येतात, डिलिव्हरीवाले येतात, शाळेची बस येते. मुलंही रिफ्यूज एरियात चोरून खेळतात, उंच बिल्डिंगला आगीच्या वेळी थांबायला जो मोकळा भाग सोडतात ना, तिथं, कारण तिथं दोन्ही बाजूंनी वारा येतो आणि कुणी बघत नाही.

काकांची खुर्ची सकाळी लिफ्टसमोर ठेवायला लागली होती मावशी. लिफ्ट उघडली की एखादं माणूस दिसतं, दूधवाला हात करतो, समोरची मुलगी शाळेत जाताना बाय करते. काकांच्या चेहऱ्यावर त्या तासाभरात जी हालचाल असायची ती दिवसभर नसायची. पण कुणीतरी तक्रार केली, पॅसेज मोकळा पाहिजे, आग लागली तर काय. नियम बरोबरच आहे, मी भांडू शकले नाही. चार फ्लॅटच्या मधे जेमतेम पाच फुटांचा, खिडकी नसलेला, दिवसा ट्यूबलाइट लावायला लागणारा बोळ ठेवलाय, त्यात एक खुर्ची ठेवली की रस्ताच बंद होतो. तो बोळ आठ फुटांचा असता आणि टोकाला एक खिडकी असती, तर तीच चौदाव्या मजल्यावरची गॅलरी झाली असती. पण ते तीन फूट कुणाच्याच कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या मोजलेल्या जागेत, येत नाहीत, मग ते सोडणार कोण.

हा प्रश्न आता माझ्या दारात आलाय, कारण कोथरूडची आमची जुनी सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघालीय. मीटिंगमध्ये तीनच शब्द ऐकू येतात, कार्पेट, पार्किंग आणि कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडनं मिळणारी रोख रक्कम. त्यात चूक काही नाही, लोकांच्या आयुष्यभराच्या कमाईचा सौदा आहे. पण राज्याच्या 2020 च्या बांधकाम नियमावलीत 10 टक्के खुली जागा सोडायची सक्ती 4000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या जागेला आहे, आमचा प्लॉट त्यापेक्षा कितीतरी लहान. म्हणजे नियमाच्या भरवशावर राहिलं तर खाली फक्त गाड्या, आणि आत्ता जिथं आंब्याखाली बायका भाज्या निवडत बसतात तिथं रॅम्प. म्हणून यावेळी मी वहीतली ती चित्रं घेऊन गेले आणि उभी राहून बोलले. आतल्या भिंती हलक्या ठेवा, कॉलम कडेला घ्या, बाथरूमची दारं तीन फुटी करा, पॅसेजला खिडकी द्या, टू बीएचकेला जिन्याच्या बाजूनं दुसऱ्या दाराची जागा सोडून बुजवून ठेवा, म्हणजे उद्या आई-वडिलांसाठी किंवा सुनेच्या क्लाससाठी एक खोली वेगळी करता येईल. आणि जिन्यापाशी दोन गाड्यांची जागा सोडून तिथं कट्टा करा, आंबा वाचवा.

बऱ्याच गोष्टी आर्किटेक्टनं लगेच मान्य केल्या, म्हणाला आत्ता सांगताय म्हणून बरं, खर्च फारसा वाढत नाही. दुसऱ्या दाराला दोघांनी कडाडून विरोध केला, लोक पेइंग गेस्ट ठेवतील, अनोळखी माणसं जिन्यात फिरतील. ती भीती मला समजते, तरी मला वाटतं तिच्यासाठी सोसायटीचा नियम करावा, सगळ्यांचं दार कायमचं बंद करू नये. त्यावर पुढच्या सभेत मतदान आहे. कट्ट्याचं मात्र अजून अडलंय, दोन पार्किंग कमी झाली तर चालतील असं लेखी पाहिजे, आणि चार घरांच्या सह्या बाकी आहेत. त्यातल्या एका घरात आजोबा वॉकरवर आहेत आणि पार्किंगसाठी सगळ्यात जास्त तेच भांडतायत, कारण मुलगा परदेशातनं येणार आहे आणि त्याची गाडी कुठं लावणार. रविवारी सकाळी त्यांच्याकडं जायचं ठरलंय, आर्किटेक्टचा नवा प्लॅन घेऊन, आणि मावशी म्हणाली मीपण येते.